आधी कठडा, मग कथा

बांधकामावरच्या मजुरासमोर नियम वाचले की तो जांभया देतो, गोष्ट दाखवली की डोळे टिपतो. तेव्हा नियमांची पोपटपंची पुरे, आता गोष्टी दाखवा. बांधकामातल्या सुरक्षिततेची चर्चा निघाली की हल्ली हे मत गृहीतच धरलेले असते. दहा मिनिटांची फिल्म, मोबाइलवर फिरणारी क्लिप, कार्टून, पथनाट्य, डोळ्यांवर चढवायचा व्हीआर चष्मा. साधने बदलतात, मत तेच राहते. ते इतके गोड आहे की त्याला विरोध करणारा एकतर रुक्ष ठरतो, नाहीतर कलेचा वैरी. तो धोका पत्करून मी म्हणतो की हे मत आज ज्या रूपात चालते त्या रूपात चुकीचे आहे. गोष्टीत ताकद नाही असे माझे म्हणणे नाही. ताकद आहे, म्हणूनच ती कुणावर वापरली जाते हे तपासायला हवे.

हा वाद दादरा आणि नगर हवेलीतल्या सिल्वासात उभा राहून केलेला बरा. या प्रदेशाची लोकसंख्या २००१ मध्ये २,२०,४९० होती, २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली. त्याच दहा वर्षांत शहरी वस्तीचे प्रमाण २३ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांच्या जवळ गेले. २०११ च्या गणनेत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या ७७४. बिऱ्हाड गावी ठेवून कामाला आलेल्या पुरुषांचा हा मुलूख आहे, हे या एका आकड्यावरून कळते. करसवलतींच्या ओढीने १९८० नंतर इथे कारखाने आले. मसाट, रखोली, खडोली, नरोली, आमली इथे पत्र्यांच्या शेड उठल्या, शेडमागे चाळी उठल्या. मग वैद्यकीय महाविद्यालय आले, मोठे रुग्णालय आले, आणि मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटरांपैकी सुमारे चार किलोमीटर याच प्रदेशातून गेले. हे सगळे उभे करणारे हात वारली, कोकणा, धोडिया, भोजपुरी, उडिया, बंगाली अशा कितीतरी बोलींचे आहेत.

पूर्वपक्ष

समोरच्याचे म्हणणे आधी नीट मांडू. पाडायला सोपे पडावे म्हणून ते दुबळे करून मांडण्यात अर्थ नाही.

त्यांचे पहिले म्हणणे भाषेचे. एकाच स्लॅबवर चार बोली बोलल्या जात असतील तर हिंदीतल्या सूचनाफलकाचा उपयोग किती? चित्र मात्र सगळ्यांना कळते. युरोपात १९९८ पासून 'नापो' नावाच्या कार्टून कामगाराच्या छोट्या फिल्म निघतात. नापो एक अक्षर बोलत नाही, तरी त्याचे घसरणे आणि सावरणे कुठल्याही देशातल्या कामगाराला समजते.

दुसरे म्हणणे स्मरणाचे. 'उंचीवर काम करताना पट्टा बांधावा' हे वाक्य संध्याकाळपर्यंत विरते. पट्टा न बांधलेल्या माणसाच्या मुलीने शाळा सोडली, ही गोष्ट वर्षभर डोक्यात राहते.

तिसरे म्हणणे पोहोचीचे. सरकारी निरीक्षक जिथे कधी फिरकत नाही तिथेही मजुराच्या खिशात मोबाइल असतोच.

चौथे म्हणणे या तिन्हींच्या मुळाशी आहे. बहुतेक अपघात माणसाच्या चुकीने होतात, म्हणून माणसाचे मन बदलले की अपघात टळतील.

या मतामागे पैसा आहे आणि प्रामाणिक कष्टही आहेत. १९६६ च्या ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली; त्या तारखेला दरवर्षी सुरक्षा दिन आणि पुढे आठवडाभर कार्यक्रम होतात. बुलेट ट्रेनच्या बांधकामांवर मजुरांसाठी 'प्रयास' नावाने पथनाट्येही झाली. करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. माझा वाद त्यांच्या कारणमीमांसेशी आहे.

अठ्ठ्याऐंशी टक्क्यांचे कुळ

आधी चौथे म्हणणे घेतो, कारण बाकीचे तिन्ही त्याच्यावर टेकलेले आहेत. अपघातांना मुख्यतः कामगाराची वागणूक जबाबदार असते, हे वाक्य सुरक्षिततेच्या वर्गांत सिद्धान्तासारखे उच्चारले जाते. त्याचे कुळ शोधत गेले तर आपण अमेरिकेतल्या ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीत पोहोचतो. तिथल्या हर्बर्ट हाइनरिखने १९३१ साली एक पुस्तक लिहिले. सुमारे ७५ हजार प्रकरणे तपासून त्याने सांगितले की ८८ टक्के अपघात असुरक्षित कृतींमुळे होतात, १० टक्के असुरक्षित परिस्थितीमुळे आणि २ टक्के टाळता न येणारे असतात.

ती ७५ हजार प्रकरणे आली कुठून? विम्याच्या दाव्यांच्या फायलींतून आणि कारखानदारांच्या दप्तरांतून. अपघाताचे कारण तिथे कोण लिहीत असे? पर्यवेक्षक किंवा मालकाचा कारकून. पडलेला माणूस रुग्णालयात किंवा स्मशानात, आणि कारणाच्या रकान्यात लिहिणारा मालकाचा नोकर. असल्या दप्तरातून दोष कामगाराचा निघावा यात नवल काय? आपल्याकडेही पंचनाम्यात 'तोल जाऊन पडला' हे तीन शब्द असतात. तोल जाऊ शकेल अशी कड उघडी कुणी ठेवली, हे विचारणारा रकाना त्या कागदावर बहुधा नसतो.

हाइनरिखचा आकडा चुकीचा ठरवून उलटा आकडा मला द्यायचा नाही. माणूस चुकतो हे तर खरेच आहे. दहा तास उन्हात सळया बांधणारा माणूस चुकणारच. मुद्दा हा की चूक झाल्यावर तो जिवंत राहील अशी जागा तयार करणे हे त्याच्या हातात नाही. जागा तयार करतो तो ठेकेदार, तिचा आराखडा काढतो तो इंजिनियर, तिचे पैसे देतो तो मालक. गोष्ट मात्र सांगितली जाते या तिघांना सोडून चौथ्याला. आपल्याकडे याला म्हण आहे: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

फिल्ममध्ये कोण नसतो?

कामावर नव्याने आलेल्यांना दाखवायच्या फिल्मचा ठरीव नमुना पाहा. गेटजवळच्या कंटेनरमध्ये टीव्ही, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे उभे राहिलेले दहा-बारा जण. फिल्ममधला मजूर घाईत आहे, किंवा फोनवर आहे, किंवा रात्रीची उतरलेली नाही. हेल्मेट काखेत मारून तो परांचीवर चढतो. फळी सरकते, किंकाळी ऐकू येते, पडदा काळा होतो. मग गाव, चूल, बायको, तान्हे मूल. शेवटी भारदस्त आवाज: तुमचे घर तुमची वाट पाहत आहे. दिवे लागतात. रजिस्टर फिरते, सही किंवा अंगठा घेतला जातो, आणि माणसे कामाला लागतात.

या गोष्टीत कोण दिसले नाही ते मोजा. फळी दोन्ही टोकांना बांधायची राहिली ती कुणामुळे, हे नाही. काम फुटाच्या भावाने दिल्यामुळे परांची बांधण्यात गेलेला अर्धा दिवस गवंड्याच्याच खिशातून जातो, हे नाही. उचल फिटेपर्यंत त्याला काम सोडता येत नाही, हे नाही. स्लॅबची तारीख बिल्डरने आधीच जाहीर केली म्हणून मुकादम ओरडत होता, हेही नाही. कथेच्या दृष्टीने पाहिले तर ही फार अप्रामाणिक कथा आहे. सगळी कारणे तिने पडद्याबाहेर ठेवली आणि परिणाम तेवढा पडद्यावर आणला. चोर सोडून संन्याशाला फाशी देणे आणखी वेगळे काय असते?

आणि तो अंगठा. फिल्म पाहिल्याची नोंद उद्या अपघात झाल्यावर कामाला येते: 'आम्ही प्रशिक्षण दिले होते, त्याने ऐकले नाही.' मजुराच्या भल्यासाठी सांगितलेली गोष्ट त्याच्याविरुद्धचा पुरावा होते. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याच्या ४४ व्या कलमाने सतत आणि पुरेशी देखरेख ठेवण्याची व अपघात टाळण्यासाठी शक्य ते सारे करण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. फिल्म आणि अंगठा मिळून ती जबाबदारी हलकेच खाली सरकवतात.

हुक कशाला लावायचा?

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. 'पट्टा बांधा, हुक लावा' हा बहुतेक फिल्मचा उपदेश असतो. हार्नेसची दोरी साधारण १.८ मीटर लांब असते. तिच्यात झटका शोषणारी शिवलेली पट्टी असते. माणूस पडला की ती उसवत जाते आणि सुमारे पावणेदोन मीटर वाढते. पाठीवरच्या कडीपासून पावलांपर्यंत दीड मीटर धरा, वर एक मीटर राखीव. बेरीज सहा मीटर. म्हणजे पायाच्या पातळीवर हुक लावलेल्या माणसाखाली सहा मीटर मोकळी जागा असेल तरच तो पट्टा त्याला वाचवतो. चाळीच्या पहिल्या मजल्याचा स्लॅब असतो तीन मीटरांवर. तिथे पट्टा बांधून, हुक लावून, फिल्ममधले सगळे ऐकूनही माणूस जमिनीवर आदळतो. तिथे उपयोगी पडतो तो कडेचा मीटरभर उंचीचा कठडा. तो असला तर आदल्या रात्री झोप न झालेला माणूसही वाचतो.

बरे, हुक लावायचा तरी कशाला? मोकळ्या स्लॅबवर उभ्या सळया असतात आणि सेंटरिंगचे टेके असतात. पडणाऱ्या माणसाचा झटका पेलायला यांतले काहीच नेमलेले नसते. त्यासाठी ताणलेली लाइफलाइन लागते, आणि ती कुठे बांधायची हे आराखड्यातच ठरवावे लागते. जो प्रश्न इंजिनियरने कागदावर सोडवायला हवा होता तो फिल्म मजुराच्या बुद्धीवर सोडते.

सिल्वासाच्या शेडचे छप्पर हे याहून चांगले उदाहरण. सिमेंटच्या पत्र्यांच्या छपरात उजेडासाठी मधूनमधून फायबरचे पत्रे घातलेले असतात. नवे असताना ते पारदर्शक दिसतात. चार पावसाळे आणि कारखान्यांची धूळ अंगावर घेतली की ते बाकीच्या पत्र्यांसारखेच राखाडी होतात. गळती काढायला वर चढलेला माणूस कशावर पाय ठेवतो आहे हे त्यालाच दिसत नाही. खाली आठ-दहा मीटरांवर काँक्रीटची फरशी. 'पाहून पाऊल टाका' ही सूचना इथे क्रूर थट्टा होते. इथले उपाय वेगळेच आहेत: पत्रे बसवतानाच खाली तारेची जाळी घालायची, पर्लिनच्या आडव्या तुळयांवर टेकतील अशा चालण्याच्या फळ्या द्यायच्या, शक्य तिथे काम खालून शिडीच्या मंचावरून करायचे. तिन्ही निर्णय शेडच्या मालकाचे आहेत. त्याला कुणी फिल्म दाखवली आहे का?

पाइपलाइनच्या खंदकातही तेच. दीड मीटरपेक्षा खोल खंदकाच्या भिंतींना आधार द्यावा, असे भारतीय मानक सांगते. घनमीटरभर मातीचे वजन दीड टनाहून अधिक भरते. ती कोसळू लागल्यावर खालच्या माणसाची सावधगिरी काहीच करू शकत नाही.

जे मेले ते काय चुकले होते?

पुण्यात कोंढव्याला २९ जून २०१९ च्या पहाटे संरक्षक भिंत कोसळून १५ जण गेले. ते शेजारच्या बांधकामावरचे मजूर आणि त्यांची कुटुंबे होती, आणि ती झोपेत होती. शहापूरजवळ सरलांबे इथे १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गाच्या पुलाचा गर्डर लाँचर कोसळला. २० जण गेले. ठाण्यात बाळकुमला १० सप्टेंबर २०२३ रोजी चाळीस मजली इमारतीची बांधकामाची लिफ्ट कोसळून ७ जण गेले. बुलेट ट्रेनच्याच मार्गावर, आणंद जिल्ह्यात वासदजवळ, ५ नोव्हेंबर २०२४ ला तात्पुरता सांगाडा कोसळून ३ मजूर दगावले.

या चारही ठिकाणी मेलेल्यांच्या हेल्मेटच्या पट्ट्या घट्ट होत्या की सैल, याने काय फरक पडला असता? अपघातांची मालिका सांगून डोळ्यांत पाणी आणणे सोपे आहे. या घटना मी त्यासाठी मोजत नाही. ज्या अपघातांत एकदम अनेक माणसे जातात ते बहुधा तात्पुरत्या रचनांचे असतात: सेंटरिंग, भिंत, क्रेन, लिफ्ट, लाँचर. त्यांची गणिते मजूर करत नाही. वागणुकीची गोष्ट सांगणाऱ्या फिल्ममध्ये या अपघातांना जागाच नाही, कारण त्यात बिघडलेला नायक सापडत नाही.

भीती आणि तिचा उतारा

समर्थक म्हणतील, थोडी भीती बसली तर काय वाईट? भीती दाखवून वागणे बदलते का, यावर किम विट या संशोधिकेने १९९२ मध्ये एक मांडणी केली आणि २००० मध्ये माइक ॲलन यांच्याबरोबर तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. निष्कर्ष असा की जबर भीतीबरोबर 'यावर मी काहीतरी करू शकतो' हा विश्वास असेल तर माणूस वागणे बदलतो. तो विश्वास नसेल तर माणूस भीतीचाच बंदोबस्त करतो: हसतो, दुर्लक्ष करतो, नशिबावर टाकतो. 'ज्याची भरली त्याला कोण वाचवणार' हे वाक्य बांधकामावर जितके ऐकू येते तितके क्वचितच कुठे. त्याला आपण अडाणीपणा समजतो. ज्याच्या हातात फळी बदलणे नाही आणि काम थांबवणेही नाही, त्याने उद्या पुन्हा त्याच फळीवर चढायचे तर आणखी काय म्हणावे?

प्रशिक्षणाच्या अभ्यासांचेही हेच सांगणे आहे. मायकेल बर्क आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ९५ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांनी प्रशिक्षणाचे तीन वर्ग केले. सर्वांत कमी गुंतवणाऱ्या वर्गात त्यांनी व्याख्यान, पत्रक आणि व्हिडिओ यांना एकत्र बसवले. सर्वाधिक परिणाम दिसला तो हाताने करून पाहण्याचा आणि करणाऱ्याशी बोलण्याचा. दुसरा एक आढावा लिंडा रॉब्सन यांच्या गटाचा, २०१२ चा: प्रशिक्षणाने वागणे बदलते याला भक्कम पुरावा आहे, पण त्यामुळे इजा घटतात असे म्हणायला पुरावा अपुरा आहे. बांधकाम मजुरांपुरता कॉक्रेन या संस्थेचा २०१८ चा आढावा तर नुसत्या नियमांनाही प्रमाणपत्र देत नाही. एकाच कंपनीत सातत्याने चालवलेल्या बहुअंगी मोहिमांनी इजा घटू शकतात, एवढेच तो म्हणतो, आणि पुरावा दुबळा आहे हेही सांगतो. विरुद्ध पक्षाने यातून 'मोहीम' हा शब्द उचलू नये; 'कंपनीत', 'सातत्याने' आणि 'बहुअंगी' हे शब्द उचलावेत.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप लंडनचा. २०१२ च्या ऑलिंपिकसाठीचे प्रचंड बांधकाम एकही मजूर न गमावता पुरे झाले, आणि तिथे संवादावर, चित्रांवर, रोजच्या बैठकांवर भर होता. खरे आहे. पण ब्रिटनमध्ये १९९५ पासून बांधकाम करवून घेणारा मालक आणि आराखडा काढणारा यांच्यावर सुरक्षिततेची कायदेशीर जबाबदारी होती. त्यामागे युरोपचा १९९२ चा निर्देश होता. कठडा आराखड्यात आला, मग भित्तिपत्रक भिंतीवर आले. आपण भित्तिपत्रक तेवढे उचलले.

दुसरा आक्षेप भाषेचा. मुका नापो सगळ्यांना कळतो हे मान्य. पण त्याला प्रश्न विचारता येत नाही. 'माझ्या स्लॅबवर हुक लावायला जागाच नाही, मग?' असे वारली बिगाऱ्याने विचारले तर नापो पुढच्या प्रसंगात निघून गेलेला असतो. भाषेचा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर त्या बोलीचा मुकादम आणि त्या बोलीचा सुरक्षा प्रतिनिधी हे आहे. पोस्टर वारली शैलीत रंगवले म्हणजे ते वारली मजुराचे झाले, हा समज आणखी वेगळा. पांढऱ्या रेघांची माणसे काढून निर्णय जुन्याच माणसांच्या हातात ठेवले तर ती सजावट झाली.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. दहापेक्षा कमी मजुरांची कामे कायद्याच्या कक्षेबाहेरच पडतात. १९९६ च्या कायद्याची मर्यादा दहाची होती, २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तीच आहे. चाळीवर एक मजला चढवणाऱ्या चार माणसांपर्यंत निरीक्षक जात नाही, मोबाइल जातो. मग क्लिप तरी का नको? हवी. नाही मामापेक्षा काणा मामा बरा. पण तिथेही क्लिप कोणाच्या मोबाइलवर पाठवायची ते ठरवा. चाळमालकाला मजला चढवायची परवानगी लागते, सेंटरिंगचे सामान भाड्याने घ्यावे लागते, वीज जोडून घ्यावी लागते. परवानगी देणाऱ्याने कठड्याची अट घातली, भाड्याने सामान देणाऱ्याने टेक्यांबरोबर कठड्याचे पाइपही दिले, तात्पुरत्या जोडणीला ३० मिलिअँपियरला तुटणारा ब्रेकर सक्तीचा झाला, तर चार मजुरांना एकही फिल्म न दाखवता ते पुष्कळ सुरक्षित होतात.

मंडन: गोष्ट खालून वर

मग गोष्टीचे काय करायचे? तिची दिशा उलटवायची. उपदेश वरून खाली येतो, तसा वृत्तान्त खालून वर जाऊ द्यायचा.

मराठी मुलखाला हे नवे नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवली. पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यात रविवारची सुटी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि कामावर जखमी झालेल्याला बरे होईपर्यंत पूर्ण पगार व कायमचा पंगू झालेल्याची सोय ही मागणीही होती. नुकसानभरपाईचा कायदा यायला त्यानंतर ३९ वर्षे लागली. कामगाराने सावध राहावे असे ते निवेदन सांगत नव्हते. गिरणीत काय घडते हे ते सरकारला सांगत होते. पुढे १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. डफ, तुणतुणे, वग, पोवाडा ही त्या काळची बहुमाध्यमेच. पण कलापथकातला कामगार स्वतःच्या बेफिकिरीवर रडत नसे. तो हिशेब मागत असे.

तंत्रज्ञानाने हे आज सोपे केले आहे. ज्या मोबाइलवर उपदेश पाठवायचा त्याच मोबाइलवर मजूर आपल्या बोलीत अर्ध्या मिनिटाचा आवाज पाठवू शकतो: 'तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या खड्ड्याची फळी काढलीय, परत बसवली नाही.' पडता पडता वाचलेल्याची हकिकत ही बांधकामावरची सर्वांत मोलाची गोष्ट. ती चहाच्या टपरीवर रोज सांगितली जाते आणि तिथेच संपते, कारण वर सांगितली तर खाडा पडेल किंवा उद्या बोलावणार नाहीत ही धास्ती असते. अशा हकिकती आठवड्याच्या बैठकीत इंजिनियर, ठेकेदार आणि मालकाच्या माणसासमोर, नाव न सांगता, वाजवल्या जाव्यात. प्रत्येकीपुढे लिहिले जावे: दुरुस्ती कुणी करायची, कधीपर्यंत. दुरुस्तीचा फोटो त्याच गटात यावा. ही फिल्म कुरूप असेल, पण तिचा शेवट बदललेला असेल.

पथनाट्यालाही मी मोडीत काढत नाही. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांच्या मंच-नाट्यात प्रेक्षक नाटक मध्येच थांबवतो, उठून पात्राची जागा घेतो आणि प्रसंग वेगळा करून दाखवतो. बंगालमध्ये १९८५ साली सुरू झालेला जनसंस्कृती हा गट ही रीत वापरतो. बांधकामावर मजुराला मुकादमाची भूमिका द्या आणि मुकादमाला परांचीवर चढवा. मग स्लॅबची तारीख विरुद्ध कठडा हा खरा झगडा रंगमंचावर येईल.

मात्र ज्याला नाटक थांबवता येते त्याला कामही थांबवता आले पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८८ च्या बांधकामविषयक कराराचे १२ वे कलम स्पष्ट आहे: गंभीर धोका समोर दिसत असेल तर तिथून बाजूला होण्याचा मजुराला हक्क असावा. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेचे १४ वे कलम मजुराला धोका मालकाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क देते आणि मालकाला तातडीने उपाय करायला सांगते. हे चांगले आहे, पण नजरेस आणून देणे आणि बाजूला होणे यांत त्या दिवसाच्या मजुरीएवढे अंतर आहे. काम थांबवलेल्या वेळेची हजेरी पूर्ण लागेल, हे कंत्राटातच लिहिले पाहिजे. तसे लिहिले तर फिल्ममधल्या 'नाही म्हणायला शिका' या वाक्याला पहिल्यांदा अर्थ येईल.

गाडगेबाबांच्या कीर्तनाचा क्रम या बाबतीत मला प्रमाण वाटतो. गावात आल्यावर बाबा आधी खराटा हातात घेऊन गाव झाडत, कीर्तन रात्री होई. आणि कीर्तनातही ते प्रश्न विचारत, लोक उत्तरे देत. जागा स्वच्छ झालेली लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली असे, म्हणून शब्दाला वजन येई. घाण तशीच ठेवून स्वच्छतेचे कीर्तन लावले असते तर तेही पालथ्या घड्यावर पाणीच ठरले असते.

सिल्वासात उद्या कुठल्याही मोठ्या कामाची निविदा निघेल तेव्हा तिच्यात हा क्रम पैशांच्या भाषेत लिहिता येईल. कठडे, जाळ्या, लाइफलाइन, खंदकाचे आधार आणि ब्रेकर यांची स्वतंत्र बाब ठेवावी, म्हणजे कमी दराच्या चढाओढीत ठेकेदाराला ती कापता येणार नाही. फिल्म, नाटक, क्लिप यांचे बिल त्यानंतर, आणि एका अटीवर मंजूर व्हावे. किती जणांनी पाहिले हा आकडा चालणार नाही. पाहिल्यानंतर महिनाभरात मजुरांनी किती धोके कळवले, त्यांतले किती दुरुस्त झाले आणि कळवणाऱ्यांपैकी कितींना पुढच्या महिन्यातही काम मिळाले, हे तीन आकडे बिलासोबत जोडावेत. तिसरा आकडा देता येत नसेल तर त्या गोष्टीवर खर्च झालेला पैसा मजुराच्या सुरक्षिततेच्या खात्यात धरू नये.